आखाजीची चिलीम

ब्राह्मणपुरीत कुणाची मोटर जळली की माणूस आधी लाइटीला शिव्या घालतो आणि मग ती जळकी मोटर गोणपाटात गुंडाळून, मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बांधून नवलच्या दुकानासमोर आणून टाकतो. दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली. भिंतीला तांब्याच्या तारेची रिळं, कोपऱ्यात वार्निशचा डबा, आणि टांगलेल्या मोठ्या बल्बखाली वाळत ठेवलेली एखादी कॉइल. नवल स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू मोटरीच्या अंगाला लावायचा, मूठ कानाला टेकवायचा आणि डोळे मिटून सांगायचा, बेअरिंग गेलंय. आजूबाजूच्या खेड्यांतले लोक म्हणायचे, नवलच्या हाताला गुण आहे. त्याच्या तोंडाबद्दल कुणी कधी काही बोललं नाही, कारण नवल फारसा बोलतच नसे.

हा अबोलपणा जन्माचा नव्हता. शीला लग्न होऊन आली तेव्हा तो जेवताना दिवसभराच्या गोष्टी सांगायचा. कुणाच्या विहिरीत साप निघाला, कोणता शेतकरी मोटरीपुढे नारळ फोडून गेला, हे सगळं नकलांसकट. नंतर गोष्टी अर्ध्यावर थांबू लागल्या. वाक्य सुरू व्हायचं, मध्येच कुठेतरी विरून जायचं, आणि तो भाकरीकडे बघत बसायचा. विचारलं तर म्हणायचा, काही नाही, जाऊ दे.

त्याला गांजा लागला होता. ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणालाच ती व्यसन वाटत नव्हती.

त्याचं कारण आबा. नवलचे वडील भजनी मंडळात मृदंग वाजवत. आरती झाली की महादेवाच्या देवळामागे चारपाच जण बसत, चिलीम फिरे, आणि मग आबा असा काही ठेका धरत की बायका उंबऱ्यात उभ्या राहून ऐकत. चिलीम म्हणजे देवाचं काम, असंच प्रमिलाबाई, नवलची आई, मानत आली. आबा ओढून कधी भांडले नाहीत, पडले नाहीत, घरातलं भांडं विकलं नाही. एके दिवशी शेताच्या बांधावर बसले आणि तिथेच कलंडले. नवल तेव्हा तेवीस वर्षांचा होता आणि त्यानं विडीलाही हात लावलेला नव्हता.

अक्षय्य तृतीयेला आबांच्या मागची पहिली आखाजी आली. घागर भरली, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबे ठेवले. उंबऱ्यावर एकेका पितराचं नाव घेत कुंकवाचं बोट ओढलं. मग चुलीतले निखारे पुढे ओढून आगारीची तयारी झाली. तूप, पुरणपोळी, सांजोरी, ज्याला जे आवडे ते त्याच्या नावानं निखाऱ्यावर टाकायचं. आबांची पाळी आली तेव्हा थोरल्या काकांनी खिशातून आबांची चिलीम काढून नवलच्या हातात दिली. नवल गोंधळला. ही पण निखाऱ्यावर ठेवू का, असं त्यानं विचारलं. तेव्हा काका हसले होते.

"तूप आपोआप पेटस. चिलीम दम मारावाबिगर पेटस नही. तू मोठा पोऱ्या शे, तुले मारना पडी."

गावात ही रीत दुसऱ्या कुठल्या घरात नव्हती. काकांना ती त्या क्षणी सुचली असेल, किंवा त्यांनी त्यांच्या आजोबांच्या वेळी पाहिली असेल. पण एकदा आगारीपुढे घडलेली गोष्ट रीत होऊन बसते. नवलनं दम मारला, खोकून खोकून त्याचे डोळे वाहिले, सगळे हसले, आणि प्रमिलाबाईनं पदर तोंडाला लावला. त्या दुपारी, बाप गेल्यापासून पहिल्यांदा, नवलच्या छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं. ते त्याला कायम आठवत राहिलं. त्यानंतरच्या कितीतरी गोष्टी तो विसरला, ही नाही.

मग अमृतची साथ मिळाली. अमृत त्याचा शाळेपासूनचा सोबती, पपईची बाग असलेला. त्याच्यासोबत आधी सणावारी, मग शनिवारी, मग रोज दिवेलागणीला, कॉइलवर वार्निश ओतून ती वाळत ठेवली की. अठरा वर्षं अशीच गेली. अमृत आजही मंडळात बसतो, ओढतो आणि सकाळी ताजातवाना बागेत जातो. नवलचं तसं झालं नाही. नव्या दुकानाची जागा बघायला जायचं राहिलं, मुलीच्या, रुपाच्या शाळेत पालकांना बोलावलं ते राहिलं. त्याच्या तोंडी एकच शब्द उरला, बघू. कॉइल गुंडाळताना तारेचे वेढे तोंडानं मोजायची सवय मोडली, कारण मोजणी मध्येच निसटे; तो पाटीवर खडूच्या रेघा मारू लागला. नंतर रेघ मारली की मारायची आहे, हेही कळेना.

तरी दिवस चाललेच होते. चालले नसते तर बरं, असं शीलाला पुष्कळदा वाटे. घर पडलं असतं तर चार माणसं धावली असती. हे नुसतं खचत होतं.

होळीच्या आधी एका विहिरीवर मोटर उतरवायची होती. सोबत वाहरू होता. वाहरू डोंगरातला, मोलगीच्या वरच्या पाड्यावरचा. दरवर्षी दिवाळीनंतर सपाटीवर कामाला येणारा आणि गेली बरीच वर्षं नवलच्याच हाताखाली साखळी-कप्पी ओढणारा. नवलनं त्याला केबलची उघडी टोकं धरायला सांगितली. टेप लावतो, म्हणाला. टेप स्टार्टरच्या पेटीवर राहिली होती. ती आणायला तो चालत गेला. पेटीपाशी पोहोचेपर्यंत मागचं वाक्य त्याच्या डोक्यातून गळून गेलं होतं. आपण पेटीपाशी आलो आहोत, म्हणजे मोटर चालू करायला आलो आहोत, असं त्याला साधं सरळ वाटलं. त्यानं हिरवं बटण दाबलं.

वाहरू मागे फेकला गेला म्हणून वाचला. उजव्या हाताची दोन बोटं भाजून काळी पडली आणि तळवा सोलून निघाला. दवाखान्यात मलमपट्टी होत असताना नवल भिंतीला टेकून उभा होता. तिथे व्यसनमुक्तीच्या खोलीत समुपदेशक म्हणून काम करणारी रिना जाता जाता थांबली. तीही डोंगरातलीच, वाहरूशी त्यांच्या बोलीत बोलू लागली. कसं झालं, असं तिनं विचारलं असावं, कारण वाहरूनं खांदे उडवले आणि मराठीत उत्तर दिलं की लाइट अचानक आली. नवलची मान खाली गेली. रिना त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं अगदी हळू आवाजात, किती वर्षं ओढता, एवढंच विचारलं.

दुसऱ्या आठवड्यात शीला त्याला घेऊन रिनाच्या खोलीत गेली. नवलला वाटलं होतं, आता उपदेश होईल, फोटो दाखवतील, शपथ घ्यायला लावतील. तसं काही झालं नाही. रिनानं त्याला त्याच्याच डोक्याची गोष्ट सांगितली.

गांजात जे असतं त्याच्यासारखंच एक रसायन आपला मेंदू स्वतः तयार करतो, ती म्हणाली. अगदी थोडं, लागेल तेवढंच. ज्यांनी ते शोधलं त्यांनी त्याला नावही आपल्याकडच्या 'आनंद' या शब्दावरून दिलं. मेंदूत जागोजागी त्याची छोटी दारं असतात. आठवण धरून ठेवायच्या जागी ती दाट, हातापायांचा ताल सांभाळणाऱ्या जागी दाट, भूक, भीती, झोप यांच्याही जागी. आपलं रसायन येतं, दार ढकलतं, काम झालं की विरून जातं. गांजातलं येतं ते दारात ठाण मांडून बसतं. रोजच बसू लागलं की मेंदू आपली दारं कमी करत जातो. मग ओढलं तरी पूर्वीसारखी मजा नाही आणि नाही ओढलं तर साधी भाकरीही गोड लागत नाही.

नवल एवढा वेळ जमिनीकडे बघत होता. त्यानं मान वर केली.

"म्हणजे लोड जास्त झाला की रिले पडून मोटर बंद होते, तसं?"

"तसंच," रिना म्हणाली. "फक्त याला परत उठवायचं बटण नाही, नवलभाऊ. मेंदू दारं आपणहून परत उघडतो. महिनाभर तरी वाट बघावी लागते."

आत्ता ऐकलेलं वाक्य पक्कं होण्याआधी मेंदूत एका ठिकाणी थोडं थांबतं, गांजा नेमकं तिथंच हात घालतो, असंही तिनं सांगितलं. पेटीपर्यंत चालताना तुमचं वाक्य तिथून सांडलं. हे पाप आहे, असं कुणी म्हणालं असतं तर नवलनं ऐकून घेतलं असतं. पण वाक्य सांडलं हे त्याच्या आत जाऊन बसलं.

सगळ्यांनाच धरत नाही, असं रिना प्रामाणिकपणे म्हणाली. पुष्कळ जण ओढतात आणि सोडतात, काहींना मात्र ते सोडत नाही. मग तिनं पुढच्या दिवसांबद्दल सांगितलं. चिडचिड होईल, अन्न जाणार नाही, झोप लागणार नाही. नंतर झोप येईल आणि स्वप्नं पडतील, खूप पडतील, कारण गांजा झोपेतला स्वप्नांचा भाग दाबून ठेवतो आणि दाबलेलं उसळून वर येतं. आणि तलफ येईल. ती ओढल्यानं येत नाही, ओढण्याच्या खुणेनं येते; वास, वेळ, जागा, माणूस. खूण दिसली की मेंदूत डोपामिन नावाचं रसायन उसळतं आणि माणसाला तिकडे ढकलतं.

"त्या वेळी डोकं तुमच्यासाठी कारणं शोधून आणेल," ती म्हणाली. "चांगली कारणं आणेल. तुमच्याच आवाजात बोलेल. तेवढं लक्षात ठेवा."

नवलच्या लक्षात यातलं निम्मं राहिलं. बाकीचं निम्मं शीलानं ठेवलं.

पहिले पंधरा दिवस घरातल्या भांड्यांनाही कठीण गेले. भाजीत मीठ कमी का, रुपा इतक्या मोठ्यानं का वाचते, मांजर इथे का बसलं. शीला शेजारणीला सांगायची की पहिले हा माणूस बोलत नव्हता म्हणून मी देवाला हात जोडायचे, आता गप्प बसावा म्हणून जोडते. शेजारीण हसली, शीलाही हसली, पण तिला खरंच बरं वाटत होतं. भांडायला का होईना, माणूस घरात होता.

दुकानात मात्र संध्याकाळ झाली की वार्निशच्या वासानं त्याच्या तोंडाला पाणी सुटे. छाती धडधडे. कुणी ओढत नव्हतं, कुठे चिलीम नव्हती, नुसता वास. त्यानं वार्निश सकाळी ओतायला सुरुवात केली. अमृत येऊन दारात उभा राहिला आणि त्यानं त्याला यथेच्छ चिडवलं. बाईनं तुला पार धुऊन वाळत घातलं की, म्हणाला. झाडाचा पाला तो, महादेवाचा, त्यानं काय होतंय? तुला होत नसेल, एवढंच नवल म्हणाला आणि पुन्हा तार गुंडाळू लागला.

एकदा वाहरू आला. हाताला फडकं होतं, आतली बोटं आखडलेली. तो पाड्यावर निघाला होता, आखाजी तिकडेच करणार होता. नवलनं त्याला बसायला स्टूल दिलं, चहा सांगितला, आणि कितीतरी दिवस राहून गेलेलं बोलायचा प्रयत्न केला. हाताचं काय ते मी बघेन, असं काहीतरी. वाहरूनं ते पूर्ण होऊ दिलं नाही.

"हात काय मोटर शे का, नवलशेठ? परत वायंडिंग करशी?"

आणि आपल्याच विनोदावर तो हसला. मग चहा पिऊन झाल्यावर, उठता उठता, साध्या आवाजात म्हणाला की आखाजीनंतर येतो. दुसरा माणूस बघू नको. "वायर मीच धरसू."

त्या एका वाक्यानं नवल दोन दिवस नीट जेवला नाही. रागावला असता तर सोपं होतं. हा माणूस पुन्हा येऊन उघडी टोकं हातात घेणार होता आणि पेटीपाशी नवल उभा असणार होता.

मग झोप आली, आणि स्वप्नं आली.

अठरा वर्षांत नवलला स्वप्न पडल्याचं आठवत नव्हतं. आता डोळे मिटले की पूर यावा तशी येत. शाळेचे मास्तर, मेलेला बैल, तापीच्या पाण्यात तरंगणारी रिळं, रंग असे की जागेपणी कधी पाहिले नाहीत. तो झोपेत ओरडे, हसे. एके पहाटे स्वप्नात आबा आले. आपल्याच घराच्या ओट्यावर बसले होते, गुडघ्यापर्यंत धोतर खोचलेलं. काही बोलले नाहीत. नवल जागा झाला तेव्हा उशी ओली होती.

सकाळी चहाला बसल्यावर त्यानं आईला सांगितलं, आबा आले होते. प्रमिलाबाईच्या हातातली बशी तशीच राहिली. काय बोलनात, तिनं विचारलं. आणि नवलच्या तोंडून निघून गेलं की चिलीम मागत होते.

हे त्यानं ठरवून सांगितलं नाही. आबा म्हटलं की चिलीम, हे इतकं जवळजवळ होतं की एकामागून दुसरं आपोआप आलं. सांगून झाल्यावर तर त्याला वाटलं, खरंच मागितली असावी. हात पुढे केल्यासारखं काहीतरी होतं. दोन दिवसांनी आबा पुन्हा आले, आणि त्यानं पुन्हा तेच सांगितलं. आता त्याला हातही स्पष्ट आठवत होता.

प्रमिलाबाईचा चेहरा त्या दिवसांत बदलून गेला. नवरा गेल्यापासून तिनं त्याच्यासाठी कितीतरी केलं होतं, पण त्यानं स्वतः काही मागितलं असं पहिल्यांदाच घडत होतं. मुलानं चिलीम सोडली, म्हणून बापाची बंद झाली, म्हणून बाप दारात येऊन बसला, हे तिला दिवसाच्या उजेडाइतकं स्वच्छ दिसत होतं. आखाजी जवळच होती. तिनं देवघरातल्या डबीत ठेवलेली गांजाची चिमूट काढून बघितली.

शीलानं ते पाहिलं आणि पहिल्यांदा सासूला आडवं बोलली. रिनाबाईंनी सांगितलं होतं, गांजा सोडला की स्वप्नं पडतात, हे दवाखान्यातलं आहे, देवघरातलं नाही. प्रमिलाबाई रागावली नाही. डबीचं झाकण लावत म्हणाली:

"सपन पडतीन, हाई सांगं व्हतं तिनी. सपनमा कोन ई, हाई कोठे सांगं व्हतं?"

शीलानं नवलकडे बघितलं. नवल म्हणाला, एक दम तर आहे, वर्षातून एकदा, आबांसाठी. त्याचा आवाज शांत होता, समजूतदार होता. शीला धुणं घेऊन मागे गेली. त्या आवाजाची तिला भीती वाटली.

आखाजीच्या सकाळी गल्लीत झोके बांधलेले होते आणि पोरी गौराईची गाणी म्हणत होत्या. पारावर पुरुषांचे पत्त्यांचे डाव पडले होते. त्या दिवशी त्यांना कुणी बोलत नाही. शीलानं खापरावर पुरणाच्या पोळ्या केल्या. रस काढून झाला. कुरडया तळायच्या राहिल्या होत्या. घागर मांडली गेली, उंबऱ्यावर कुंकवाची बोटं उमटली, आणि थोरले काका पाटावर येऊन बसले. ते आता पुष्कळ वाकले होते, पण आगारीला त्यांच्याशिवाय सुरुवात होत नसे.

एकेक नाव घेतलं गेलं. तूप चरचरलं, धूर झाला. आबांचं नाव आलं तेव्हा प्रमिलाबाईनं पदराखालून चिलीम काढली. भरलेली होती, खाली ओला कपडा गुंडाळलेला. तिनं ती नवलच्या हातात दिली आणि चिमट्यात निखारा धरून वाट बघू लागली.

चिलीम हातात आली आणि नवलचे हात नवलचे राहिले नाहीत. बोटं आपोआप जागच्या जागी बसली, तळव्याचा पोकळ द्रोण झाला. वास नाकात शिरला आणि तोंडात पाणी आलं, मानेवर घाम आला, छातीत ते जुनं धडधडणं. अजून पेटलीही नव्हती. डोकं किती गोड बोलत होतं. आबा उपाशी आहेत. आई बघ कशी बघतेय. एकच दम. उद्यापासून पुन्हा नाही. हा आवाज आपला आहे, हे नवलला कळत होतं. आबांचा नव्हता. आबांचा आवाज जाड होता, घोगरा, शेवटचा शब्द ओढून बोलणारा, आणि त्या आवाजात त्यानं अठरा वर्षांत एक शब्दही ऐकला नव्हता. स्वप्नातही नाही.

चुलीपाशी शीला पाठमोरी बसली होती. कढईतलं तेल कधीचं तापलं होतं. तिनं कुरडई अजून सोडली नव्हती.

"माय," नवल म्हणाला. "आबास्नी नही मांगी. मी मांगी."

चिमट्यातला निखारा वर राखाडी होऊ लागला. प्रमिलाबाईला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"खोटं सांगं तू मले?"

"मले बी खरंच वाटनं, माय."

त्यानं चिलीम खाली ठेवली. ठेवताना हात थरथरत होता आणि तो लपवायचा त्यानं प्रयत्न केला नाही. थोरले काका पाटावरून म्हणाले की रीत मोडायची नसते. मंग आबा आवंदा उपाशी का, त्यांनी विचारलं. प्रमिलाबाईनं दिराकडे पाहिलं नाही. ती मुलाच्या हाताकडे बघत होती. हा हात असा हलताना तिनं कधी पाहिला नव्हता. तारेचा एक वेढा सुटू न देणारा हात.

"पोयी शे, रस शे, सांजोरी शे," ती सावकाश म्हणाली. "उपाशी कसाले ऱ्हातीन?"

तिनं निखारा चुलीत परत ढकलला. चिलीम उचलली, मोरीजवळ गेली आणि भांडी विसळलेल्या पाण्यात ती उलटी करून झटकली. मग पोळीचा मोठा तुकडा तोडून, त्यावर जास्तच तूप घालून तो आगारीवर ठेवला. काका पुटपुटत उठले आणि पारावर पत्ते बघायला निघून गेले. जेवायला येतो, असं सांगायला मात्र विसरले नाहीत. शीलानं कुरडई तेलात सोडली. ती फुलून कढईभर झाली.

नवलला काही जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. तलफ तिथेच होती, मोरीतल्या पाण्याकडे त्याची नजर दोनदा गेली. उठून बाहेर जावं, नळाखाली डोकं धरावं, असं त्याच्या मनात आलं. पण प्रमिलाबाई उंबऱ्याशी, कुंकवाच्या बोटांच्या अलीकडे येऊन बसली होती. तिनं शेजारच्या जागेवर हात आपटला. बस, म्हणाली.

तो बसला. मग तिनं जे विचारलं ते इतक्या हळू की चुलीपाशी शीलाला ऐकू गेलं नसावं.

"मन्हा सपनमा ते कधीच उनात नही. इतला वरीसमा एक डाव बी नही." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "चिलीम जाऊ दे. कसा दिखतस ते, तेवढं सांग."

नवलनं डोळे मिटले. त्याला वाटलं, नाही आठवणार. त्याला कधी काही आठवत नाही. पण ते होतं. सगळं होतं, कडेपर्यंत भरलेलं. ओट्यावर बसले होते, त्यानं सांगितलं. शेतातून आल्यासारखे. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पिंढऱ्यांना काळी माती.

"टोपी व्हती का?"

"नही."

"मंग ते नसतीन. टोपीबिगर ते कधी निंघेत नही."

तो थांबला. पुन्हा त्या स्वप्नात शिरला. टोपी मांडीवर होती, उलटी, असं त्यानं सांगितलं, आणि तिच्यात काहीतरी झाकून आणलेलं. प्रमिलाबाईनं मान डोलावली. बोरं असतील, म्हणाली. नवल व्हायच्या आधीही ते असंच टोपीत बोरं घेऊन येत, कुणासाठी ते कधी सांगत नसत. तिच्या चेहऱ्यावर एक लाजरं काहीतरी येऊन गेलं, जे नवलनं आईच्या चेहऱ्यावर पूर्वी पाहिलं नव्हतं. मग? ती म्हणाली. मग काय केलं त्यांनी?

मग ते वाकले, तो सांगू लागला. बाजूला तांब्याचं घंगाळ होतं. ते भरलेलं होतं आणि त्यात आभाळ दिसत होतं. वाक्य कुठे तुटत नव्हतं. एकातून दुसरं निघत होतं, आणि सांगता सांगता त्याचा हातही पूर्वीसारखा हवेत चालू लागला होता. रुपा झोक्यावरून धापा टाकत आली आणि दारातच थबकली, कारण बाबा गोष्ट सांगत होते.

आतून शीलाची हाक आली, पानं वाढली आहेत, रस तापेल, उठा आता.

प्रमिलाबाईनं मागे न बघता तिला हातानं थांबवलं.

"थांब जराशी," ती म्हणाली. "ते आते पाय धुई ऱ्हायनात."